हेब्डनसाहेबांची निःपक्षपाती सभा

फाटकाचं बिजागर तुटलं नसतं तर थॉर्नहेवन गावात ती सभा झालीच नसती, हे हेब्डनसाहेब आजही कबूल करत नाहीत. त्यांच्या मते सभेची कल्पना त्यांच्या मनात कधीपासून घोळत होती, बिजागर निव्वळ निमित्त. पण त्या वेळी त्यांच्या पत्नी रोझलिनबाई शेजारीच उभ्या होत्या, आणि दुर्दैवानं त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मेटकाफ भावंडांचं हार्डवेअरचं दुकान आहे. रोलंड मेटकाफ थोरला, ग्लेनिस धाकटी. दोघंही साठी ओलांडलेली. रोलंडनं लग्न केलं नाही आणि ग्लेनिसचा नवरा वारला, तेव्हापासून बहीणभाऊ दुकानाच्या माडीवर एकत्र राहत. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर देशानं जूनमध्ये मत द्यायचं ठरलं, आणि एप्रिलमध्ये रोलंडनं दुकानाच्या उजव्या खिडकीत 'बाहेर पडा' असा फलक लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या खिडकीत 'राहा' असा फलक झळकला. त्या दिवसापासून भावंडांचं बोलणं बंद. दुकान मात्र चालू. एकाच गल्ल्यावर.

हेब्डनसाहेब बिजागर मागायला गेले ते रोलंडच्या बाजूला. रोलंडनं बिजागर काढून दिलं.

"आणि याला स्क्रू?"

"स्क्रू तिकडे मिळतील," रोलंड छताकडे बघत म्हणाला. "ज्यांना ब्रसेल्सची परवानगी घेतल्याशिवाय स्क्रू पिळता येत नाही, त्यांच्याकडे."

ग्लेनिस चार हातांवर उभी होती. तिनं स्क्रू मोजून पुडीत बांधले आणि हेब्डनसाहेबांनाच म्हणाली, "त्यांना म्हणावं, एवढ्या अभिमानानं जे बिजागर विकलंत ते जर्मनीत बनलंय. बहुतेक म्हणूनच ते बंद होतं आणि उघडतंही. काहींना नुसतं बंद होणारंच हवं असतं."

"काय म्हणतेय ती?" रोलंडनं विचारलं.

आता हेब्डनसाहेबांनी गप्प बसावं की नाही? पण ते पडले निवृत्त चष्मेवाले. उभी हयात त्यांनी लोकांच्या नाकावर भिंगं ठेवून 'आता बरं दिसतंय, की आता?' असं विचारण्यात घालवलेली, त्यामुळे दोन पर्याय समोर आले की मध्ये उभं राहणं हे आपलं जन्मजात कर्तव्य आहे असं त्यांना वाटे. ते घसा खाकरून म्हणाले, "मला वाटतं, या विषयावर गावात एक खुली चर्चा व्हायला हवी. सभ्य आणि निःपक्षपाती."

"आणि ती घडवून आणणार कोण?" रोझलिनबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी थांबवण्यासाठी विचारला होता. साहेबांनी तो निमंत्रण म्हणून घेतला.

सभा भरवणं म्हणजे एक सभागृह, दोन वक्ते आणि थोडा चहा, असा साहेबांचा हिशेब होता. सभागृहाच्या किल्ल्या ऑड्री फॉसेट यांच्याकडे. किल्ल्यांबरोबर नियमावलीही त्यांच्याकडे, आणि नियमावली वाचलेली गावात ती एकच व्यक्ती. त्यांनी सांगितलं, "राजकीय सभा असेल तर नगरपालिकेची परवानगी लागेल."

नगरपालिकेच्या कचेरीतल्या तरुणानं कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधाशोध केली. "राजकीय सभेला दोन महिने आधी अर्ज लागतो."

"अहो, पण मतदानच तीन आठवड्यांवर आलंय!"

"मग मतदान झाल्यावर घ्या की."

हेब्डनसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. संतापाच्या प्रसंगी ते एवढंच करत.

त्या तरुणाला दया आली असावी. "बाकी प्रकारांना आधी अर्ज नको. धार्मिक कार्यक्रम आहे का? नाही? पाळीव प्राण्यांचा? तोही नाही. मग करमणुकीचा दाखवू का?"

"करमणूक? देशाच्या भवितव्यावर चर्चा आहे ही!"

"लोक हसतील ना थोडंफार?"

"मुळीच हसणार नाहीत."

"मग अवघड आहे," तो म्हणाला, पण 'करमणूक' या चौकटीत त्यानं फुली मारली. हा घाव साहेबांना फार खोल लागला. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि घरी आल्यावर तासभर थांबले नाहीत.

मग सभेची जाहिरात. त्यांनी मोठ्या अक्षरांत फलक लिहिला: 'जायचं की राहायचं? या आणि ठरवा!' खाली वार, वेळ आणि आपलं नाव. पहिला फलक अर्थातच स्वतःच्या फाटकावर, नव्या बिजागराच्या वर. त्यात एकच उणीव राहिली. युरोप हा शब्द लिहायचा राहून गेला. दुपारी घरांची खरेदी-विक्री करणारा एक टायवाला गृहस्थ दाराशी हजर. "घर सोडायचा विचार आहे असं कळलं. बागेकडून किती खोल्या आहेत?" त्याला घालवतात तोवर ऑड्रीबाई मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरल्या होत्या आणि रोझलिनबाईंचा हात हातात धरून सांगत होत्या, "जाऊ नकोस गं. इतकी वर्षं काढलीस ना त्याच्याबरोबर? आणि हे असं फाटकावर लिहून लोकांना विचारायचं?"

यापुढे सल्ल्यांना पूर आला. व्यासपीठावरच्या टेबलाला कापड कुठलं घालायचं? निळं घातलं तर एका पक्षाचं होईल, लाल घातलं तर दुसऱ्याचं, पिवळं घातलं तर तिसऱ्याचं. जांभळं तर 'बाहेर पडा' म्हणणाऱ्या पक्षाचंच, नाव काढायला नको. पांढरं म्हणजे शरणागती. अखेर रोझलिनबाईंनी माळ्यावरचा जुना फुलाफुलांचा पडदा काढून दिला, त्यावरही कुणीतरी म्हणालंच, की ही ट्यूलिपची फुलं म्हणजे हॉलंडची बाजू झाली. बिस्किटांची तीच गत. बेल्जियमची चॉकलेटची बिस्किटं आणली तर पक्षपात, आणि न आणावीत तर चवीचा प्रश्न. खुर्च्या मांडताना मधल्या वाटेच्या कुठल्या बाजूला कोण बसणार, यावर एक स्वतंत्र बैठक झाली.

या सगळ्यात एक गोष्ट साहेबांच्या लक्षात आली आणि जिव्हारी लागली. गावातल्या प्रत्येकानं त्यांना आपलं मत सांगितलं होतं. टपालवाल्यानं सांगितलं, दंतवैद्यानं तर साहेबांचं तोंड उघडं ठेवून सांगितलं. पण "तुमचं स्वतःचं मत काय, हेब्डन?" असं कुणीही, एका माणसानंही विचारलं नव्हतं. आणि मत तर होतं! सकाळी दाढी करताना ते आरशाला इतक्या मुद्देसूदपणे समजावून सांगत, की आरशाचं मतपरिवर्तन केव्हाच झालं असेल. पण अध्यक्ष निःपक्षपाती हवा. त्यांनी रोझलिनबाईंनाही सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही, याचं त्यांना जरा जास्तच वाईट वाटलं.

वक्ते मात्र बाहेरून नामांकित मिळाले. राहण्याच्या बाजूनं एक प्राध्यापक, बाहेर पडण्याच्या बाजूनं एक निवृत्त कर्नल. टीव्हीवर एकमेकांचे गळे धरायचे तेवढे बाकी ठेवत.

बुधवारी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर लख्ख उजेड, आत खुर्च्या संपून लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर. मेटकाफांचं दुकान लवकर बंद झालं होतं, रोलंड उजवीकडे, ग्लेनिस डावीकडे. सात वाजले. वक्त्यांचा पत्ता नाही. सव्वासात. मग साहेबांचा फोन वाजला. फोन कर्नलसाहेबांचा होता, पण मागून प्राध्यापकांचाही आवाज येत होता.

"तुम्ही एकत्र आहात?"

"अर्थात! आम्ही एकाच कॉलेजातले. दोन गाड्या कशाला काढायच्या?"

"मग आहात कुठे?"

"त्याचं असं झालं," कर्नल म्हणाले, "हायवेवरून कुठे बाहेर पडायचं यावर आमचा किंचित मतभेद झाला. मी म्हणालो इथेच बाहेर पडा. हा म्हणाला अजून थोडं राहू या. त्या नादात गाडी दुभाजकाला घासली. कुणाला काही लागलं नाही, पण गाडी काही हलत नाही. तुमचं चालू द्या."

साहेबांनी फोन ठेवला. ट्यूलिपचा पडदा घातलेल्या टेबलामागे ते एकटे उभे होते आणि समोर अख्खं गाव. सांगावं तर लागणारच. सांगितलं. सभागृह असं हसलं, की खिडकीतला एक माणूस बाहेर पडला. करमणुकीच्या चौकटीतली फुली सार्थकी लागली.

लोक उठू लागले. हेब्डनसाहेबांना वाटलं, झालं. इतक्या दिवसांची पायपीट, आणि उद्यापासून गावात आपलं नाव हसण्यावारी. त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि चष्म्याविना समोरचं सगळं धूसर दिसत असताना, एरवी जे धाडस झालं नसतं ते त्यांच्या हातून झालं.

"बसा!" ते ओरडले. "वक्ते इथेच आहेत. रोलंड मेटकाफ, वर या. ग्लेनिस मेटकाफ, तुम्हीही."

"मी?" उजवीकडून आवाज आला.

"मी नाही त्याच्याबरोबर," डावीकडून.

"त्याच्याबरोबर नाही, त्याच्याविरुद्ध," साहेब म्हणाले. "या लवकर. चहा निवतोय."

रोलंड वर आला. मोठा आडदांड माणूस, पण एवढ्या लोकांपुढे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते पडद्याच्या फुलांवर ठेवले.

"आमच्या बाबांची बोट इथल्या पुष्कळांनी पाहिलीय," तो म्हणाला. "ती मोडली त्या दिवशी मी धक्क्यावर होतो. मासेमारी कमी करायची म्हणून पैसे देऊन बोटी मोडत होते तेव्हाची गोष्ट. लोखंडी पंजा आला आणि एका घासात सुकाणूची खोली गेली. बोट चांगली होती. कुठल्यातरी टेबलाभोवती बसून कुणीतरी ठरवलं होतं, की आमच्या समुद्रातले आम्ही किती मासे धरायचे. त्या माणसाचं नाव मला आजपर्यंत कळलं नाही. मला एवढंच म्हणायचंय, की माझ्यावर निर्णय घेणाऱ्याचं नाव मला माहीत हवं. चुकला तर पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवता आलं पाहिजे. बस्स."

टाळ्या उजवीकडून कडाडल्या. डावीकडचेही एकदोघे वाजवून गेले आणि मग ओशाळून हात मांडीवर ठेवून बसले.

ग्लेनिस उभी राहिली. तिनं भावाकडे पाहिलं नाही. "ती बोट माझ्याही बापाची होती," ती म्हणाली. "रडताना बाबांना मी एकदाच पाहिलं, ते त्या दिवशी. पण आज आपल्या धक्क्यावरचा खेकडा जातो कुठे? रात्री ट्रकमध्ये बसतो आणि सकाळी फ्रान्सच्या बाजारात असतो. सीमेवर कुणी कागद तपासत बसलं, तर खेकडा काय वाट बघत बसणार आहे? माझी लेक तिकडे बेल्जियममध्ये आहे. नात माझ्याशी फोनवर अर्धं फ्लेमिशमध्ये बोलते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि तरी मी हो हो म्हणते. बाबा लढाईत समुद्रातले सुरुंग काढायचे. ते म्हणायचे, ज्याच्याशी भांडायचंय त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसून भांडावं. उठून गेलं, की भांडणही जातं आणि टेबलही."

"मग दुकानात एप्रिलपासून काय चाललंय?" मागून नेव्हिल नावाचा एक कोळी ओरडला.

हशा उसळला. ग्लेनिसचा चेहरा लाल झाला. हेब्डनसाहेब लाकडी हातोडी शोधू लागले. पण त्याआधीच रोलंड उठला होता.

"तोंड आवर, नेव्हिल. तिचं बोलणं पुरं होऊ दे."

ग्लेनिसनं या खेपेला भावाकडे पाहिलं. "झालं माझं," ती हळूच म्हणाली आणि बसली.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले आणि सभेला जो रंग चढला, तो टीव्हीवरच्या कुठल्याही वादाला चढला नव्हता. लोक तावातावानं बोलले, एकमेकांची उणीदुणी निघाली, एकदा तर 'तुझ्या कुत्र्याचा या विषयाशी संबंध काय' इथपर्यंत मजल गेली. पण गेलं कुणी नाही. शेवटी मागच्या भिंतीशी उभी असलेली दानुता पुढे आली. ही औषधाच्या दुकानातली पोलिश बाई. सगळ्या गावाचा रक्तदाब तिला तोंडपाठ.

"मला मतदानाचा हक्क नाही," ती म्हणाली. "प्रश्न विचारला तर चालेल?"

"अवश्य," साहेब म्हणाले.

"रोलंड, मी अकरा वर्षं इथे आहे. तुमच्या गोळ्या संपायच्या आधी मी तुम्हाला फोन करते. तुम्ही बाहेर पडलात तर मलाही इथून बाहेर जावं लागणार का?"

रोलंड उठून उभा राहिला. "तू इथलीच आहेस," तो म्हणाला.

"तुमच्या फलकावर तसं लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या मनात तसं नव्हतं. पण तुला तसं वाटलं असेल, तर ती चूक माझी आहे, तुझी नाही. मत मी तेच देणार. पण तुला इथून हलवायला कुणी आलं, तर त्याची गाठ आधी आमच्या दुकानाशी आहे."

"आमच्या दुकानाशी," ग्लेनिस म्हणाली.

दानुतानं मान हलवली. समाधान झालं असं ती म्हणाली नाही, आणि कुणी तिला म्हणायलाही लावलं नाही.

इथे सभा संपवली असती तर सोन्याहून पिवळं. पण ऑड्रीबाई नियमावली घेऊन उठल्या. "चर्चेच्या शेवटी हात वर करून मत घ्यावंच लागतं. नियम आहे." मोजणार कोण? ज्याला मोजायला सांगावं त्याच्यावर दुसऱ्या बाजूचा भरवसा नाही. तेव्हा दानुता म्हणाली, "मी मोजते. माझ्याइतकं निःपक्षपाती इथे कुणी नाही. कायद्यानंच मला तसं ठेवलंय."

तिनं एकदा मोजलं. भुवया वर गेल्या. परत मोजलं, कारण दोन्ही वेळा हात वर करणारा एक म्हातारा सापडला. त्याला बाजूला काढून तिसऱ्यांदा मोजलं आणि ती व्यासपीठापाशी आली.

"सारखी आहेत," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना अगदी सारखी."

सभागृहातून एक मोठा उसासा गेला. ऑड्रीबाईंनी पान उलटलं आणि भारदस्त आवाजात वाचलं, "मतं समसमान पडल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक."

आणि सगळं गाव हेब्डनसाहेबांकडे वळलं.

इतके दिवस ज्या प्रश्नासाठी त्यांचा जीव तळमळत होता, तो प्रश्न आता सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदम उमटला होता. नेव्हिल खुर्चीवर चढून उभा होता. रोझलिनबाई तिसऱ्या रांगेत, हनुवटी हातावर टेकून, लग्नानंतर प्रथमच इतक्या कुतूहलानं नवऱ्याकडे बघत होत्या. आरशाला ऐकवलेलं ते अख्खं भाषण साहेबांच्या ओठांवर आलं. पहिलं वाक्य तर फारच सुंदर होतं. मग त्यांची नजर टेबलाशी बसलेल्या दोघांवर गेली. भावंडं एकाच पद्धतीनं, हाताची घडी घालून, मान थोडी वाकडी करून बसली होती. आपण बोललो, की यांतलं एक जण जिंकणार. आणि मग माडीवर जेवायला बसणार एक जिंकलेला आणि एक हरलेला.

पहिलं वाक्य त्यांनी गिळलं. फार जड गेलं.

"आपल्या संसदेत एक जुनी रीत आहे," ते म्हणाले. "मतं समसमान पडली, तर अध्यक्षानं आपलं मत कुणाला जिंकवायला वापरायचं नाही. बोलणं पुढे चालू राहावं यासाठी वापरायचं. त्यामुळे माझं मत, चर्चा चालू ठेवावी या बाजूनं. पुढच्या बुधवारी सात वाजता. बिस्किटं आपापली आणा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं.

थॉर्नहेवनच्या सभागृहात असा गलका पूर्वी झाला नव्हता. उजवीकडचे ओरडले, "ही शुद्ध पळवाट आहे!" डावीकडचे ओरडले, "लाज वाटते का?" नेव्हिलनं खुर्चीवर पाय आपटले, दंतवैद्य 'हुर्यो' करत होता, आणि ऑड्रीबाई नियमावलीनं टेबल बडवत होत्या. एप्रिलपासून ज्या गावात पावसावरही एकमत झालं नव्हतं, त्या गावानं हेब्डनसाहेबांची हुर्यो मात्र एकमुखानं उडवली. साहेब ताठ उभे राहून ती ऐकत होते. त्यांना खाली बसावंसं वाटेना.

लोक पांगल्यावर ते आणि रोझलिनबाई आतल्या लहान स्वयंपाकघरात कप विसळायला गेले. चहा द्यायची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून खुर्च्या घडी करण्याचे आवाज येत होते. शेवटपर्यंत मागे राहिलेली होती मेटकाफ भावंडं.

"अध्यक्ष म्हणे," रोलंडचा आवाज आला. "मेणाहून मऊ माणूस."

"मेण परवडलं," ग्लेनिस म्हणाली. "मेणाला निदान आकार तरी देता येतो. आपलं काय मत आहे ते याला तरी ठाऊक आहे का?"

"छे! बाबांच्या बोटीवर असता तर पहिल्याच फेरीत पाण्यात टाकला असता."

"आणि पाण्यात पडल्यावर तो विचारत बसला असता, बुडू की पोहू? पुढच्या बुधवारी ठरवू!"

यावर रोलंड हसला. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग ग्लेनिसला हसू आवरेना. दोघांच्या हातून एक खुर्ची आपटली आणि ते आणखी हसले. दारातून बाहेर पडल्यावरही, उतारावरून खाली जाताना, साहेबांची अक्कल काढण्याचं काम दोघं एकमेकांना मुद्दे पुरवत पुढे चालवत होते.

रोझलिनबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "ऐकलंस काय काय म्हणतायत तुला?"

हेब्डनसाहेबांनी ओला पंचा खांद्यावर टाकला, आणि त्यांची छाती एवढी फुगली, की बाईंना जरा बाजूला सरकावं लागलं.

"ऐकलं की," ते म्हणाले. "दोघं मिळून म्हणतायत."